हालचाल नाही, खोली रिकामी

जो हरेल त्याने काय करायचं हे आधी ठरलं आणि पैज कशावर हे मागाहून, आमच्या जिन्यातल्या पैजा अशाच लागतात. मी हरलो तर रविवारी सकाळी दहा वाजता खालच्या अंगणात, सगळ्या बिल्डिंगीच्या देखत, स्टुलावर पंधरा मिनिटं बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. टेलरमास्तर हरले तर मी स्वतःच्या हाताने शिवलेली पॅन्ट घालून त्यांनी बाजारातून एक चक्कर मारायची. मास्तर आमच्या समोरच्या दारात राहतात, चाळीस वर्षं लोकांच्या कमरा मोजल्यात, त्यामुळे माझ्या पॅन्टच्या नुसत्या कल्पनेनेच त्यांच्या अंगावर काटा आला. पण ते मागे हटले नाहीत. "लागली," म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीला निघाल्या होत्या, त्यांना आम्ही साक्षीला धरलं. त्या म्हणाल्या, "पंधरा मिनिटं? ह्यांना? अहो, ह्यांचं ब्लडप्रेशर घेताना मला दोनदा दंड पकडून ठेवायला लागतो." आणि बायकोने आतून आवाज दिला, "झोपेतसुद्धा सायकल चालवतात." हसले सगळे. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, कारण मी हरणार नव्हतो.

पण खरी पैज ना स्टुलाची होती, ना पॅन्टची. पैज माझ्या वडिलांच्या दुपारची होती. तीन महिन्यांपूर्वी बाबांना बेसिनपाशी चक्कर आली आणि ते भिंतीला धरून खाली बसले. मी कामावर, बायको शाळेत. मास्तरांना समोरून नळ चालू असल्याचा आवाज फार वेळ येत राहिला म्हणून ते डोकावले, म्हणून बरं. तेव्हापासून रोज तीनच्या ठोक्याला मास्तर आपली काजं-बटणं घेऊन आमच्याकडे येतात आणि आम्ही परत येईपर्यंत बाबांसमोर बसतात. मला ते लागायचं. म्हणजे, माणूस भला आहे हो, पण आपला बाप दुसऱ्याने सांभाळायचा, आणि तोही मी ह्या धंद्यातला असून? मी अकरा-अकरा मजल्यांच्या ऑफिस बिल्डिंगींना माणसं सांभाळायला शिकवतो. म्हणून मी एक सेन्सर घरी आणला. वाटीएवढा, पांढरा, छताला लावायचा. खोलीत हालचाल असली की गप्प, नसली की माझ्या फोनवर निरोप. बाबांनी डबा उघडून बघितला, परत बंद केला. "माझ्या डोक्यावर डोळा बसवणार?" मी म्हटलं, "डोळा नाही बाबा, त्याला दिसत नाही काही. नुसती हालचाल कळते." ते म्हणाले, "म्हणजे आंधळा. मग मला आहे तो डोळस बरा." आणि ज्यांच्याकडे त्यांनी बोट दाखवलं त्या मास्तरांचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा. मी तेव्हाच बोललो, जरा जास्तच बोललो, की मास्तर, तुम्ही डुलकी काढाल पण माझं यंत्र नाही काढणार, माझ्या बिल्डिंगीत माझ्या यंत्राला कळल्याशिवाय माशीसुद्धा बसू शकत नाही. मास्तरांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाले, "माशीचं राहू दे. बाबांना बसव. एक तास. तुझ्या यंत्राला ते तासभर दिसले तर मी उद्यापासून येत नाही, लाव तुझी वाटी." बाबा म्हणाले, "मी मास्तरच्या बाजूने." स्वतःच्या बापाने समोरच्या पार्टीत जावं, आणि तेही इतक्या खुशीत.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. ही बिल्डिंग माझी लाडकी. सोमवारी ती मालकाच्या ताब्यात द्यायची होती. तिथे काय केलं ते सांगायचं तर मी लोकांना सांगतो की मी सोयरीक जमवतो. दारांचं कार्ड एका कंपनीचं, कॅमेरे दुसऱ्या, दिवे तिसऱ्या, एसी चौथ्या आणि आगीची घंटा पाचव्याच कुणाची तरी. पाचही जण एका छताखाली राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, अगदी भाऊबंदकी. मी मध्ये बसतो. आग लागली तर घंटेने दारांना सांगायचं उघडा, दारांनी लिफ्टला सांगायचं खाली जा. माणूस आत गेला तर दाराने दिव्याला सांगायचं पेट, आणि माणूस गेला तर दिव्याने एसीला सांगायचं, आता पुरे. दोन वर्षं मी त्यांची मनधरणी केली. कुणाची भाषा कुणाला कळेना, एकाचं हो म्हणजे दुसऱ्याचं नाही. मग एका दुपारी मी नवव्या मजल्यावर कार्ड लावलं आणि दार उघडलं, दिवा लागला, थंड वारा आला, खाली पडद्यावर माझं नाव उमटलं, सगळं एका श्वासात, आणि मी तिथे एकटाच नाचलो होतो. कॅमेऱ्यात ते आहे अजून. बिल्डिंगीच्या मॅनेजरसाहेबांनी जपून ठेवलंय.

बाबांना दाखवताना माझी छाती फुगली होती. ते हळूहळू चालत, हात मागे बांधून, दारांकडे बघत होते. दिवे नाही बघितले, पडदे नाही, फक्त दारं. एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाच्या दारात ते अडतीस वर्षं स्टुलावर बसले. दरवान. लहानपणी शाळा सुटली की मी तिकडे जायचो आणि समोरच्या फुटपाथवरून त्यांना हलवायचा प्रयत्न करायचो. वेडावून दाखवायचो, उलटा चालायचो, एकदा तर दप्तर डोक्यावर घेऊन माकडासारखा नाचलो. लोक थांबून हसायचे. बाबा नाही. पापणी लवायची तेवढीच. मला वाटायचं त्यांना मी दिसतच नाही, आणि त्या वयात बापाला आपण दिसत नाही म्हणजे काय ते काय सांगू, मग मी अजून उड्या मारायचो. मला वाटतं माझी सगळी वांडगिरी तिथेच सुरू झाली, त्या फुटपाथवर, एका न हलणाऱ्या माणसाला हलवायच्या नादात. घरी आल्यावर जेवताना ते सहज म्हणायचे, "चुळबुळ्या, आज तुझ्या दप्तराचा पट्टा तुटलेला होता, आणून दे, शिवतो." म्हणजे दिसायचं सगळं. पण तिथे का नाही हसायचे? एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "दरवान हलला की लोकांची नजर दरवानावर जाते. मग माझी नजर कुठे ठेवू?" मला काही कळलं नव्हतं. आता पन्नाशी उलटल्यावर कळलं असेल असं मला वाटत होतं.

सातव्या मजल्यावरची एक मीटिंगची खोली आम्ही निवडली. आतल्या बाजूची, खिडकी नाही, कॅमेरा नाही, छतात फक्त माझा सेन्सर. माझ्या कार्डाने दार उघडलं, बाबांना खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास समोर ठेवला. दारापाशी हिरवं बटण दाखवलं, "कंटाळा आला तर हे दाबा, दार उघडेल." मी कार्ड लावून बाहेर. म्हणजे यंत्राच्या हिशेबाने एक आला, एक गेला. आता बाबांची सगळी भिस्त सेन्सरवर. नियम साधा होता: दहा मिनिटं हालचाल नाही तर दिवा मंद. पंधरा मिनिटं नाही तर खोली रिकामी, दिवा बंद, एसी बंद, दाराला कुलूप. आणि जिवंत माणूस दहा मिनिटं हलत नाही असं होत नाही. खाजवतो, खाकरतो, घड्याळ बघतो, मान मोडतो, पायावर पाय घेतो. हे मी उगाच नाही सांगत, मी अकराच्या अकरा मजल्यांवर एकेका खोलीत जातीने बसून तपासलं होतं. प्रत्येक खोलीत अर्धा अर्धा तास. एकदाही दिवा मंद झाला नव्हता.

खाली कंट्रोल रूममध्ये मास्तर माझ्या फिरत्या खुर्चीत ऐटीत बसले होते. भिंतभर पडदे, प्रत्येक मजल्याचा नकाशा, माणूस असलेली खोली नारिंगी, नसलेली करडी. सातव्या मजल्यावर एकच नारिंगी चौकोन. मी त्याच्याकडे असं बघत होतो जसं एखाद्याने पोराच्या प्रगतिपुस्तकाकडे बघावं. "दिसतायत ना?" मी म्हटलं. मास्तर म्हणाले, "आत्ताशी पाच मिनिटं झाली. तुझ्या पॅन्टचं माप घे तोवर, कंबर छत्तीस." मी खरंच टेप काढली, त्यांच्या कमरेला गुंडाळली, ते ओरडले, "अरे, उलटी धरलीयस." आम्ही दोघं हसत होतो, आणि हसता हसता मी पडद्याकडे पाहिलं तर चौकोन फिका झाला होता. दहा मिनिटं. मी म्हटलं, आता हलतील. दिवा मंद झाला की माणूस वर बघतो, वर बघितलं की मान हलते, मान हलली की झालं. अकरा. बारा. मास्तर चष्मा पुसत होते. तेरा. आणि मग मला आठवलं मी कुणाला बसवून हे सगळं तपासलं होतं ते. मला. अख्ख्या बिल्डिंगीत, दोन वर्षं, माणूस म्हणून मी यंत्रासमोर एकट्या मलाच उभा केला होता; झोपेत सायकल चालवणाऱ्याला. यंत्र बिचारं शिकलं, माणूस म्हणजे हा.

पंधरा मिनिटांनी चौकोन करडा झाला आणि खाली एक ओळ आली. हालचाल नाही, खोली रिकामी. ती ओळ मीच लिहिली होती. हजारदा वाचली होती. मास्तरांचं डोकं खाली होतं, चष्म्याच्या काचेला फुंकर मारत होते. एक बटण दाबलं असतं तर दिवा लागला असता, चौकोन नारिंगी, कुणाला कळलं नसतं, आणि मी असल्या बाबतीत काही संत नाही, पत्त्यांत मी बायकोलासुद्धा फसवतो. बोट बटणावर गेलंही होतं. पण ती ओळ. ती ओळ पुन्हा वाचली आणि बोट मागे घेतलं. कारण बाबा मुद्दाम हलत नाहीयेत की... हे यंत्राला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तीन महिने मी रोज कामावरून आलो की आधी त्यांच्या दारात उभा राहतो, ते खुर्चीत असतात, डोळे मिटलेले, आणि मी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण बघत राहतो, ते वर होतंय का, खाली होतंय का. झालं की मी आवाज करत आत जातो, काहीतरी विनोद करत, चप्पल आपटत. बायकोला हे माहीत नाही. कुणालाच नाही. आणि इथे मी स्वतः त्यांना एका काळोख्या खोलीत ठेवून आलो होतो जिच्यात वरचं बटण बघायला कुणी नव्हतं.

लिफ्टची वाट बघितली नाही. सात मजले. तिसऱ्यावर दम लागला, पाचव्यावर गुडघा बोलायला लागला. दारापाशी पोचलो, कार्ड लावलं, लाल. पुन्हा लावलं, लाल. सुट्टीच्या दिवशी रिकामी झालेली खोली कार्डाने उघडायची नाही, खालून कंट्रोल रूममधूनच सोडायची, ही शहाणी अट कुणी घातली? आम्हीच. मी मास्तरांना फोन लावला. "मास्तर, दार सोडा." "कसं सोडू?" "निळं बटण." "इथे तीन निळी आहेत." "सातवा मजला लिहिलंय बघा." "अक्षर बारीक आहे रे." "मास्तर, चष्मा लावा." "लावलाय." दाराला कान लावला. काही नाही. ही दारं मीच निवडलेली, आवाज आत जात नाही, बाहेर येत नाही, मीटिंगवाल्यांना फार आवडतात. "बाबा," मी हाक मारली. मला त्या क्षणी काय आठवावं, तर दुकानातून ते घरी यायचे तेव्हा आई आतून विचारायची, कोण आहे, आणि ते बोलायचे नाहीत, नुसते दारात उभे राहायचे, आणि ती म्हणायची, कळलं, कुणीच नाही. आणि ताट वाढायची. ती सांगायची आम्हाला, हा माणूस घरात आला की घर भरतं पण आवाज होत नाही. "मास्तर." "दाबतोय रे बाबा. हे दाबलं तर पाऊस नाही ना पडणार छतातून?" "दाबा." कुठेतरी कटकन वाजलं. माझं दार नाही, शेजारचं. "दुसरं," मी म्हटलं.

दार उघडलं, मी आत पाऊल टाकलं, दिवा लागला, थंड वारा आला, सगळं एका श्वासात, माझं नाव उमटलं असणार खाली. बाबा खुर्चीत होते. तळवे मांडीवर, पाठ ताठ, डोळे उघडे, दाराकडे. मी सदऱ्याचं वरचं बटण बघितलं.

"तास झाला?" त्यांनी विचारलं, ओठांच्या कोपऱ्यातून, बाकी काही न हलवता.

"नाही."

"मग कशाला आलास? आता मला हलायला लागेल." आणि त्यांनी मान मोडली, दोन्ही बाजूंना, सावकाश, आणि खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. मी खाली बसलो. जमिनीवरच. ते मला वरून बघत होते. "धापा किती टाकतोस. सिगरेट परत सुरू केलीस का?"

"काळोख झाला तेव्हा बटण दाबायचं ना," मी म्हटलं. "किंवा नुसता हात वर करायचा. हात वर केला असता तरी..."

"तरी तू जिंकला असतास." ते हसले. दुकानाच्या दारात जे कधी हसले नाहीत ते असं हसतात, दात न दाखवता, सगळा चेहरा डोळ्यांकडे गोळा होतो. "काळोख झाला तेव्हा कळलं मला, पोरगा हरला. वाईट वाटलं जरा. एकदा मनात आलं, उचलावा हात, किती दिवसांनी काहीतरी मनासारखं होईल त्याच्या. पण मग तू लावली असतीस ती वाटी माझ्या छताला आणि मास्तर आला नसता."

"तुमच्यासाठीच ना बाबा. मास्तर काय, तुम्हाला बघायला येतात, त्यांना तरी किती..."

"मला बघायला?" ते खरंच चकित झाले. "अरे, त्याला तसं वाटतं, वाटू दे. बायको गेल्यापासून त्याच्या घरात दुपारी कुणी बोलायला नाही. दिसत त्याला काही नाही, दुकान बंद केलंय हे तुम्हाला सांगितलेलं नाही त्याने. ती काजं-बटणं कुणाची वाटतात तुला? एकाच सदऱ्याची आहेत, तीन महिने. शिवतो, उसवतो. सुया मी ओवून देतो, वीस-वीस, रांगेत लावून. मी बसलेलो असतो म्हणून तो बसतो. नाहीतर कुठे जाईल तो तीन वाजता?" मग म्हणाले, "ड्यूटी आहे माझी ती. तू काढून घेत होतास."

फोनमधून मास्तर ओरडत होते, "उघडलं का? मी अजून एक दाबलंय, ते कशाचं होतं?" बाहेर, दूर कुठेतरी, सगळ्या मजल्यांचे पडदे आपोआप वर जात असल्याचा घूं असा आवाज येत होता.

निघताना मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, सोमवारी नाही, एक आठवडा द्या. ते म्हणाले, "आता काय राहिलं? परवा तर सगळं झालं म्हणालात." मी म्हटलं, "माझा बाप खोलीत बसला होता, दिसला नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, बाबांनी त्यांना नमस्कार केला. मी पुढे म्हटलं, "खोली रिकामी म्हणायच्या आधी कुणीतरी दार उघडून बघायचं, अशी सोय करतो. कुलूप लावायच्या आधी एक माणूस." साहेब म्हणाले, "माणूस नको म्हणून तर तुम्हाला बोलावलं होतं." मग बराच वेळ पेन दातांत धरून म्हणाले, "आठवडा म्हणजे आठवडाच हं."

रविवारी दहाला अंगणात स्टूल मास्तरांनी स्वतः आणून ठेवलं, पुसून. मी हरलो हे मी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायचं असंही त्यांनी ऐनवेळी घातलं, पैजेत नव्हतं ते, पण बोललो: माझ्या यंत्राला माझे बाबा दिसले नाहीत, वाटी परत गेली, मास्तर रोज येतील. टाळ्या पडल्या. नर्सबाईंनी घड्याळ काढलं. मी बसलो आणि दुसऱ्या मिनिटाला नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, अशी की डोळ्यांतून पाणी. "हलला," कुणीतरी म्हणालं. "पाणी हलतंय, तो नाही," नर्सबाई म्हणाल्या, "चालू राहू दे." बायको समोर येऊन माझ्या शेंबड्या दिवसांपासूनच्या सगळ्या लफड्यांची यादी वाचायला लागली, मी उत्तर देऊ शकत नाही असा तिच्या आयुष्यातला हा पहिलाच दिवस होता, ती सोडणार थोडीच. एकाने डोक्यावर भांडं ठेवून बघितलं. एकाने कानात फुंकर मारली. मास्तर तर इतके जवळ आले की चष्म्यात मला दोन-दोन मी दिसले. पण एक आहे, न हलणाऱ्या माणसात मजा किती वेळ राहणार. सहाव्या मिनिटाला एकेकजण पांगायला लागला. कुणाचं दूध गॅसवर, कुणाचा फोन. बायको यादी संपवून वर गेली. नर्सबाईंना हाक आली, कुणाला तरी इंजेक्शन द्यायचं होतं, त्या घड्याळासकट गेल्या. मास्तर थोडा वेळ रेंगाळले, मग ऊन चष्म्यात यायला लागलं म्हणून तेही जिन्याकडे वळले, भिंतीला हात लावत, पायरी चाचपत. मी बघत होतो. मला दुसरं काही करताच येत नव्हतं. एकटे बाबा राहिले, पायरीवर बसलेले. ते उठले, माझ्यापाशी आले, माझ्या सदऱ्याची कॉलर एका बाजूला मुडपली होती ती सरळ केली.

"पाठ वाकवू नकोस," म्हणाले. "बस तू. मास्तर एकटाच वर गेलाय, मी बघून येतो."

ते गेले. आता अंगणात कुणी नव्हतं, पंधरा मिनिटं झाली की नाही हे सांगणारं कुणीच नव्हतं. मी पाठ सरळ केली आणि बसून राहिलो.